दोन श्वासांचा दोर

"बोयो घेतलास?"

शैलाताई गुडघाभर पाण्यात उभी होती. एक हात होडीच्या काठावर, दुसऱ्या हाताने साडीचा ओचा वर धरलेला. प्रश्न नवऱ्याला होता. पण बघत होती ती माझ्याकडे.

"घेतलंय गो." भावजींनी फळीखालून पिवळा डबा काढून तिच्यासमोर नाचवला. "ही बघ तुझी सवत."

"सवत नाय, सासू ती. माझ्या मागसून तीच तुमच्यार नदर ठेयता." तिने डब्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, झाकणाभोवतीचं डांबर चाचपलं, कडीतली दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली. मगच होडीच्या काठावरचा हात काढून घेतला.

"येतंय," भावजी म्हणाले.

"ये," ती म्हणाली.

निघताना 'जातो' म्हणू नये, हे सगळीकडेच पाळतात. आमच्या वाडीत त्यापुढेही एक रीत होती. 'येतंय'ला 'ये' असं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी पाण्यात पाऊल टाकत नसे. ते उत्तर देताना लहानमोठं पाहायचं नसतं. बायको नवऱ्यालाही 'ये'च म्हणते आणि नातू आजोबांनाही. तो शब्द माणसाला उद्देशून नसतोच. तो समुद्राला बजावलेला असतो.

अकरा वर्षांपूर्वीचा माघ महिना होता. थंडीने समुद्रातला गाळ खाली बसला होता आणि पाणी इतकं नितळ झालं होतं की, त्याच्याकडे बघताना आपलंच काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटे. जयवंत कुबल, म्हणजे माझे भावजी, वाडीत जाळं न टाकता भाल्याने मासा मारणारे एकटेच होते. पाठीवर हवेची टाकी नाही, काही नाही. छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा, हातात भाल्याची बंदूक धरायची आणि खाली जायचं. लाकडी दांडा, त्यावर ताणलेले रबरी पट्टे आणि हातभर लांब सळई, अशी ती बंदूक. मराठी घेऊन पदवीधर झालेला मी, नोकरी मिळेपर्यंत म्हणून गावी आलो आणि त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरू लागलो. शैलाताई माझी सख्खी बहीण. तिने एकाच अटीवर नवऱ्याचं पाण्यात जाणं सोसलं होतं, आणि ती अट म्हणजे तो पिवळा डबा.

बंदुकीच्या मुठीला पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट लांबीचा दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया. मासा मोठा निघाला, ओढू लागला, तर बंदूक सोडून द्यायची आणि वर यायचं. बोया कुठे पळतो ते बघत मागे राहायचं, मासा दमला की दोर ओढून घ्यायचा. पण त्या दोराचं खरं काम वेगळं होतं. एक जण खाली गेला की दुसऱ्याने वर, दोर हातात धरून, त्याच्याबरोबर श्वास धरायचा. पहिला श्वास तुटला की लगेच दुसरा. दुसराही तुटला आणि खालचा आला नाही, तर दोर दोनदा हिसकायचा आणि थेट त्याच दोराने खाली उतरायचं. "खालच्याचो जीव वरच्याच्या छातीत ठेयलेलो आसता," असं भिकूआबा सांगायचे.

भिकूआबा भावजींचे चुलते. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी होडी तेच सांभाळत. त्यांना आम्ही दिसत नसू. तो भडक पिवळा ठिपका मात्र दिसे. होडीतच बसल्या बसल्या तेही जुन्या सवयीने श्वास धरत. छाती फुगलेली, गाल आत ओढलेले, ओठ मिटलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुणावर तरी रुसून बसला आहे.

आणि अर्ध्या टेकडीवरच्या घराच्या ओट्यावरून शैलाताईलाही तोच ठिपका दिसे. वाळत घातलेल्या सुक्या मासळीवरचे कावळे हाकलता हाकलता ती मान वर करायची, जोगणीच्या खडपेकडे, समुद्रातून वर आलेल्या त्या खडकाकडे बघायची, आणि पुन्हा काठी आपटायची.

त्या दिवशी मात्र त्या बोयाखाली कुणीही नसणार होतं. होडीत बसलेल्या तिघांपैकी हे दोघांनाच ठाऊक होतं.

जोगणीच्या खडपेच्या खोल अंगाला, आठ वाव पाण्यात, एक कपार आहे. तिच्यात एक हेकरू राहत होतं. माणसाच्या धडाएवढं, शेवाळलेल्या पत्थराच्या रंगाचं, जाड ओठांचं. दोनदा भावजींनी त्याला सळई मारली होती आणि दोन्ही वेळा बोयाचा दोर खडपेच्या धारदार कालवांत अडकून मासा निसटला होता. दुसऱ्या खेपेला दोर सोडवताना भावजींच्या तळहाताची साल निघाली. त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर रीळ ठेवलं.

गोव्यात पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या एका ओळखीच्याकडून ते मी आणलं होतं. मुठीएवढी काळी चकरी, तिच्यावर घट्ट गुंडाळलेला पांढरा बारीक दोरा. बंदुकीच्या दांड्याखाली ती बसवायची. मासा पळाला की दोरा सुटत जातो आणि माणूस बंदूक हातात धरूनच वर येतो. मागे लोंबणारा दोर नाही, बोया नाही.

"लोढणा घातलेल्या गुरासारखे फिरतास तुमी," मी म्हणालो. "गळ्यात डबो बांधून कोण शिकार करता? माशाक तरी हसू येयत."

"आणि तुझी बहीण?" भावजींनी चकरी बोटाने फिरवली. टिक् टिक् असा तिचा बारीक आवाज झाला. "तिच्या डोक्यार हात ठेवन सांगलंय मी. बोयो पाण्यात नाय तर मी पाण्यात नाय."

त्यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दश: आठवतं.

"बोयो पाण्यात आसतलोच की. तुमच्या बंदुकीक बांधूक होयो, असा खय सांगलास तिका? खडपेच्या अलीकडे धोंड्याक बांधून ठेवया. तिका दिसलो म्हणजे झाला."

भावजी बघतच राहिले. मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "कवी, मेल्या, तू वकील व्होवक होयो होतस."

खडपेशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आबांनी नांगर टाकला. नेहमीसारखाच भावजींनी बोया पाण्यात सोडला, नेहमीसारखंच दोराचं टोक घेऊन ते खाली गेले. वर आले तेव्हा ते टोक तीन वावांवरच्या एका धोंड्याला बांधलेलं होतं आणि बंदुकीच्या दांड्याखाली, मांडीच्या आड धरलेलं, रीळ होतं.

"खयसून उतरतलास?" आबांनी विचारलं.

"हयच, बोयाच्या आजूबाजूक," भावजींनी सांगितलं, आणि माझ्याकडे बघून काचेआडून एक डोळा मिटला.

आम्ही पोहत खडपेला वळसा घातला. होडी दिसेनाशी झाली. खोल अंगाला पाणी वेगळं असतं. आधी हिरवं, मग गडद हिरवं, आणि त्याखाली एक राखाडी धूसरपणा, जिथे रंग संपतो पण पाणी संपत नाही. पाच वावांपलीकडचं मला स्पष्ट दिसत नव्हतं. कपारीचं तोंड त्या धूसरतेत कुठेतरी होतं.

"बंदूक हातातसून सुटली तर?" भावजींनी विचारलं. तोंडातली नळी बाजूला करून ते पाण्यात उभ्याउभ्या पाय मारत होते.

"सुटली काय गेली समजा," मी हसून म्हणालो. "आता बोयो नाय तिका सोदूक."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग कमरेची सुतळी सोडली, तिचं एक टोक बंदुकीच्या मुठीत ओवलं आणि दुसऱ्या टोकाचा फास करून उजव्या मनगटात अडकवला. दातांनी ओढून घट्ट केला.

"आता सुटात कशी?"

"आता नाय सुटणार," मी म्हणालो.

पहिल्या दोन बुड्या नुसत्या बघण्याच्या होत्या. भावजी गेले, आले. मी गेलो, आलो. दुसऱ्या बुडीत मी कपारीच्या तोंडाशी पोचलो आणि हेकरू दिसलं. पूर्ण नाही, अंधारातून पुढे आलेला जाड ओठ, आणि त्यामागे एक डोळा. तो डोळा हलत नव्हता. भीती म्हणजे आपल्यावर कुणीतरी चालून येणं, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवशी कळलं की भीती बसून राहते. ती आपल्या घरी असते आणि आपण तिच्याकडे गेलेलो असतो.

वर येऊन मी सांगितलं, "आसा. तोंड भायर काढलेला आसा."

भावजींनी तीन मोठे श्वास घेतले. चौथा घेण्याआधी म्हणाले, "येतंय."

"ये," मी म्हणालो.

ते उलटे झाले. पायांतले लांब रबरी पंजे एकदा हवेत चमकले आणि पाण्याने त्यांना आवाज न करता आत घेतलं. मी तोंड पाण्यात घालून बघत होतो. ते बारीक होत गेले. हिरव्यात त्यांची पाठ होती, गडद हिरव्यात नुसती हालचाल, आणि मग राखाडी. राखाडीत काहीच नव्हतं.

मग ठक् असा आवाज आला. पाण्यात आवाजाला दिशा नसते; तो आपल्याच कवटीत झाल्यासारखा वाटतो. पाठोपाठ कुणी रिकाम्या पिंपावर मूठ मारावी तसा एक घुमणारा दणका ऐकू आला. सळई लागली होती. मला आनंद झाला. तो आनंद इतका खरा होता की त्याची आजही लाज वाटते.

मी वाट पाहिली. डोकं वर काढून एकदा टेकडीकडे पाहिलं. खडपेच्या माथ्यावरून ताईच्या घराचं कौलारू छप्पर तेवढं दिसत होतं. ओटा खडपेआड होता, तिथे ती असावी. तिला इकडचा भाग दिसत नव्हता, पलीकडचा पिवळा डबा दिसत असणार. युक्ती साधली होती. मी पुन्हा तोंड पाण्यात घातलं. खालून चंदेरी माशांचा एक थवा वळला, सगळा एकदम, जणू कुणीतरी पान उलटलं. तो जाईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो.

थवा गेला. राखाडी तसंच होतं.

किती वेळ झाला असेल? मी मनाशी मोजायचा प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आलं की मोजायला माझ्याकडे सुरुवातच नव्हती.

मी खाली गेलो. पाच वावांवर थांबून चहूकडे पाहिलं. कपारीचं तोंड दिसलं, पण त्यासमोर कुणी नव्हतं. पाण्याची ओढ दक्षिणेकडे होती. वाटलं, ते ओढीबरोबर खडपेच्या टोकाकडे गेले असतील, तिकडे वर आले असतील, दमून खडपेला धरून बसले असतील. वर आलो. "भावजी!" टोकाकडे पोहलो. तिथे नुसता फेस होता. "भावजी!" वळसा घालून पलीकडे आलो, आणि होडी दिसली, आबा दिसले, आणि बोया. शांतपणे जागच्या जागी तरंगणारा.

"आबा! भावजी हय इले?"

"काय?" आबांनी कानामागे हात धरला.

"भावजी! वर इले काय?"

"अरे खाली आसा तो." आबांनी श्वास सोडत सांगितलं. त्यांची छाती वरखाली होत होती; एवढा वेळ ते श्वास धरतच होते. "माझे दोन तुटले म्हणान मी होडी पुढे घेवन दोर ओढलंय. जड आसा बरोच. मासो गावलोहा तेका, मोठो. घाबरा नको."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं भयंकर वाक्य मी ऐकलं नाही. तो म्हातारा हसत होता. त्याच्या हातात धोंड्याला बांधलेला दोर होता आणि त्याला तो जड लागला म्हणून त्याचं समाधान झालं होतं.

"आबा, त्या दोराक कोण नाय!" मी ओरडलो. "धोंडो आसा! होडी पलीकडे घेवा, पलीकडे!"

त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. तो विझला नाही, चिडला नाही. नुसता रिकामा झाला. मग ते वल्ह्याकडे धावले.

मी उलट फिरून पोहत सुटलो. हात पाण्यावर आपटत होते, पुढे काही सरकत नव्हतं. एवढी मोठी ती खडप, एवढा मोठा समुद्र, आणि कुठे बुडी मारायची तेही ठाऊक नव्हतं. दोर असता तर फक्त दोर धरायचा होता. इथे प्रत्येक हातभर पाणी शेजारच्या हातभर पाण्यासारखंच होतं. कुठेही ते असू शकत होते. म्हणून कुठेच नव्हते.

चौथ्या बुडीत मला तो दोरा दिसला. केसाएवढा, पांढरा. कपारीच्या आतून बाहेर येऊन, वरच्या कडेवरून वळून, तो सरळ वर ताणलेला होता. मी त्याच्यामागून मान वर करत गेलो.

भावजी पृष्ठभागापासून तीन वाव खाली होते. उभे. पाय जुळवलेले, डावा हात खाली लोंबलेला, उजवा पायाच्या दिशेने सरळ ताणलेला, आणि त्या मनगटाच्या फासाला बंदूक. रिळावर एक वेढा दुसऱ्या वेढ्यात रुतला होता. दोरा सुटायचा थांबला होता. ते तिथवर आले होते आणि पुढे येऊ शकले नव्हते. पोटरीवरच्या म्यानातून सुरी अर्धी बाहेर काढलेली होती. पाण्याने ते वर उचलले जात होते, दोरा त्यांना खाली धरून होता, आणि ओढीबरोबर ते हळूच एका बाजूला झुकत, हळूच सरळ होत. मी अगदी असं झुकणं आधी शेकडो वेळा पाहिलं होतं. बोया असाच डोलतो.

त्यांच्या डोक्यावर उजेड होता. मान पाण्याबाहेर काढून हाका मारत मी दोन-तीनदा त्यांच्यावरूनच पोहत गेलो असणार.

सुतळी मी त्यांच्याच सुरीने कापली. होडीत आबांनी त्यांच्या छातीवर हात दाबले, तोंडात श्वास भरला. सत्तर वर्षांच्या त्या छातीत जेवढा होता तेवढा सगळा. मी वल्हवत होतो. मध्येच आबा थांबले, भावजींच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, आणि पुन्हा फुंकू लागले.

शैलाताई पाण्यातच उभी होती. सकाळी होती तिथेच. तिने होडीत पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं, खडपेकडे, जिथे तो पिवळा ठिपका तसाच होता. मग माझ्याकडे.

"दोर तुटलो," मी म्हणालो.

आबांनी मान खाली घातली. त्याच दिवशी, गडबडीत कुणाचं लक्ष नसताना, ते एकटे होडी घेऊन गेले आणि बोया घेऊन आले. दोराचं टोक त्यांनी कोयत्याने नव्हे, आपोआप तुटल्यासारखं दिसावं म्हणून दगडावर घासून तोडलं होतं. रीळ मला पुन्हा कधी दिसलं नाही. पुढे चार वर्षांनी ते वारले. आम्ही दोघांनी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही.

मला कुडाळला नोकरी लागली. महिन्यातून एकदा मी ताईकडे जात राहिलो. ती जेवू घालायची, तब्येतीची चौकशी करायची, निघताना डब्यात काहीतरी बांधून द्यायची. मी "येतंय" म्हणायचो. ती वळून आत जायची, भांड्यांचा आवाज करायची. त्या दिवसापासून तिने मला 'ये' म्हटलं नव्हतं. मला ते पहिल्या भेटीतच जाणवलं होतं. विचारायची छाती झाली नाही.

यंदा माघात गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून सुकी मासळी राखत होती. केस बरेच पिकले आहेत. समोर जोगणीची खडप उघडी पडली होती, काळी, ओली. कुणाच्या तरी जाळ्याचे बोये तिच्या अलीकडे तरंगत होते. आम्ही दोघंही बराच वेळ तिकडे बघत होतो.

"हेमंता," ती म्हणाली. "ते जाळ्याचे बोये बघ. कसे हलतत?"

"लाटेर हलतत."

"लाट इली काय वर, गेली काय खाली. बस. जीव बांधलेलो बोयो असो हलणा नाय. तो मदीच बुडी मारता, मदीच तिरको धावता, माणूस श्वास घेयत तेव्हा उगी ऱ्हवता." तिने काठी आपटली. एक कावळा उडाला आणि परत तिथेच बसला. "त्या दिवशी सकाळपासून तो नुसतो लाटेर हलत होतो."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुका कळलेला?"

"बघल्या बघल्या."

"मगे आरड कित्याक मारूक नाय? कोणाक तरी धाडूचा होता..."

"उठललंय. पायरेपर्यंत गेलंय." ती खडपेकडेच बघत होती. आवाज कोरडा, रोजचाच होता. "मगे म्हटलंय, करूदेत पोरखेळ. बोयो नसलो म्हणान काय झाला? हेमंत वर आसा. तो श्वास धरतलो. आणि परत येवन बसलंय."

खाली कुणीतरी होडी वाळूवर ओढत होतं. तिच्या बुडाचा खरखर आवाज टेकडीपर्यंत येत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"धरललस?"

त्या दिवसाबद्दल अकरा वर्षांत तिने मला विचारलेला हा एकच प्रश्न. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दोर नव्हता, तर श्वास तुटल्यावर हिसकणार काय होतो? स्वतः बुडी न मारता वर श्वास धरणं त्या दिवशी मला जुन्या माणसांच्या रिवाजासारखं वाटलं होतं, लोढण्याबरोबरच गळून पडलेलं. मी 'ये' म्हणालो होतो आणि मजेत श्वास घेत होतो, एकामागून एक, मोकळे, न मोजलेले. टेकडीवरच्या तिच्या घराकडे बघतानाही घेत होतो. माशांचा थवा वळला तेव्हाही घेत होतो. हे सगळं मी अनेक वर्षं, अनेक चांगल्या शब्दांत, मनाशी मांडून ठेवलेलं होतं.

"नाय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. जणू दुकानात नसलेल्या वस्तूबद्दल 'नाही' ऐकावं तशी. मग काठी भिंतीला टेकवून उठली आणि आत गेली. मी बराच वेळ बसून राहिलो. तिने हाक मारली नाही. डबाही बांधून दिला नाही. उन्हं कलली तेव्हा मी पायांत चपला घातल्या आणि दाराकडे तोंड करून म्हणालो, "ताय, येतंय."

आत भांडी वाजली नाहीत.

पायऱ्यांवर उभा राहून मी श्वास धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. छाती आधी भरल्यासारखी वाटली, मग दगडासारखी, मग कानांत तोच जुना ठोका घुमू लागला. पहिला तुटला. मी दुसरा घेतला. डोळ्यांसमोर अंगणातली मासळी, काठी, ओट्याची कड सगळं राखाडी होऊ लागलं.

तो तुटायच्या आत ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं नाही. चौकटीला हात लावून, खाली समुद्राकडे बघत म्हणाली,

"ये."